अंगणात ग्राउंडकव्हर लावायचंय? आधी हा हिशोब बघा

अंगणात ५०० चौरस फूट मोकळी जागा आहे. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन पडतं. पाणी मोजून येतं. हिरवळ परवडणार नाही, आणि जमीन उघडी ठेवली तर उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात गाजरगवत. तुमची अडचण ही असेल तर जमिनीलगत पसरणारं, कमी पाण्यावर तगणारं ग्राउंडकव्हर लावा. स्वतः उभं राहून काम करून घेतलंत तर ९ ते १३ हजार रुपयांत होतं. ठेकेदाराकडे सगळं सोपवलंत तर चौरस फुटाला ५० ते ८० रुपये, म्हणजे २५ ते ४० हजार. ही तफावत रोपांमुळे पडत नाही. रोपं फांद्यांपासून केली तर ती या कामातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. पैसे जातात मातीवर, खुरपणीवर, पहिल्या तीन महिन्यांच्या पाण्यावर आणि सगळ्यात जास्त घाईवर.

इथले भाव पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या शहरांपुरते, अंदाज यावा म्हणून दिले आहेत. तुमच्या गावात दोन ठिकाणी विचारून घ्या. हिशोबाची रीत मात्र सगळीकडे हीच.

आधी ठरवा: त्यावर कोणी चालणार आहे का?

नर्सरीत जाण्याआधी घरात या प्रश्नाचं उत्तर घ्या. रोप त्यावरूनच ठरतं.

मुलं रोज खेळणार असतील तर दुसरं काही शोधू नका, हरळी लावा. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो तीच. पाणी तोडलं तर एप्रिल-मेमध्ये ती वाळून पिवळी पडते आणि पहिल्या पावसात पुन्हा उगवते. हे चालणार असेल तर खर्च जवळजवळ शून्य. पण फुलझाडांच्या वाफ्याला लागून लावू नका. तिची मुळं वाफ्यात शिरली की वर्षानुवर्षं निघत नाहीत. मध्ये विटांची किंवा दगडाची नऊ इंच खोल कड घ्या.

अधूनमधून पाय पडणार असतील तर जलपिंपळी. तळ्याच्या, कालव्याच्या कडेला दिसते म्हणून लोकांना वाटतं की तिला पाणी लागतं. एकदा मुळं खोल गेली की ती कोरड्या उन्हातही टिकते, फक्त पानं बारीक होतात आणि अंग जमिनीला आणखी चिकटतं. प्रत्येक पेरावर मूळ फुटतं, त्यामुळे माती घट्ट धरून ठेवते. बारीक पांढरट-जांभळट फुलं येतात आणि त्यावर मधमाश्या येतात. मुलं अनवाणी फिरत असतील तर फुलं येताच छाटणी करा. नेहमीच्या नर्सरीत ही सहसा मिळत नाही. कोणाच्या बांधावर असेल तर मालकाला विचारून ओंजळभर फांद्या आणा, तेवढ्याने काम होतं.

बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीला पांढरा थर बसत असेल, तर सेसुव्हियम घ्या. कोकणात खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारी ही वनस्पती आहे, क्षार तिला सोसतात. लालसर देठ, मांसल पानं, छोटी गुलाबी फुलं. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करून बागेला देत असाल तर पहिला विचार हिचाच करा.

कोणीच चालणार नसेल आणि तुम्हाला रंग हवा असेल तर ऑफिस टाइम. आपल्या रानभाजीतल्या घोळीच्या कुळातलं हे झाड ऊन चढलं की फुलतं आणि दुपारनंतर मिटतं. रोज किमान सहा तास थेट ऊन नसेल तर फूल धरत नाही. याचा मोठा दोष नर्सरीवाला सांगणार नाही: सततच्या पावसात ते कुजतं. पुणे, सातारा, कोल्हापूर भागात जुलै-ऑगस्टची झड लागली की अर्धा वाफा जाऊ शकतो. सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगरच्या कमी पावसात, पाणी निथळणाऱ्या उतारावर चांगलं टिकतं. कुठेही लावा, पण एका कुंडीत दहा-बारा फांद्या पागोळ्यांपासून दूर, वळचणीला ठेवा. पावसानंतर पुन्हा विकत घ्यावं लागणार नाही.

जांभळ्या पानांचं पर्पल हार्ट तर विकत घेऊच नका. आळीत कोणाकडे तरी असतंच, आणि तोडलेली फांदी मातीत खोचली की लागते. पायाखाली मात्र लगेच मोडतं. त्याच्या रसाने काहींच्या कातडीला खाज येते, छाटणी करताना हातमोजे घाला.

दोन झाडांबाबत सावध करायला हवं. पहिलं वेडेलिया, पिवळ्या फुलांचं. 'लावा आणि विसरा' म्हणून ठेकेदार हे पुढे करतात, कारण ते झपाट्याने पसरतं आणि त्यांचं बिल लवकर निघतं. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे. शेजारी शेत, ओढा किंवा माळरान असेल तर अजिबात लावू नका. शिवाय पाणी कमी पडलं की त्याची पानं मान टाकतात, त्यामुळे तुमची मूळ गरजही भागत नाही. दुसरं जांभळ्या फुलांची पसरी लँटाना, घाणेरीची बहीण. दुष्काळात उत्तम तगते, पण घरी गुरं-शेळ्या असतील तर टाळा. लँटाना जनावरांना विषारी असतो.

केव्हा लावाल

जूनचे पहिले दोन चांगले पाऊस पडून जमीन वाफशावर आली की लागवड करा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात स्वस्त पडतो, कारण सुरुवातीचं पाणी पाऊस देतो. ऑफिस टाइमला मात्र सप्टेंबरची अखेर किंवा फेब्रुवारी बरी. फेब्रुवारीत लावलंत तर पाण्याचा खर्च धरा.

मार्च ते मेमध्ये मात्र अंगणभर लागवड करू नका. 'आत्ता लावून देतो, उन्हाळ्यात ऑफर आहे' असं कोणी म्हणालं तर समजा, त्याचे मजूर रिकामे आहेत. चाळीस अंशांच्या उन्हात लावलेल्या रोपाला दिवसातून दोनदा पाणी लागतं आणि तरीही मर होते. ती भरून काढायचा खर्च तुमच्याच माथी येतो.

उन्हाळ्याचा उपयोग जमीन तयार करायला करा. ती कशी करायची ते खाली माती आणि लव्हाळ्याच्या भागांत सांगितलं आहे, आणि पैसे खरे तिथेच वाचतात.

माती: ब्रास मोजून घ्या

ठेकेदाराचं पहिलं वाक्य असतं, 'सहा इंच लाल माती टाकावी लागेल.' ५०० चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे २५० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून अडीच ब्रास. ब्रासला ३ ते ६ हजार धरले तर साडेसात ते पंधरा हजार रुपये नुसत्या मातीचे. हिरवळीच्या नाजूक गालिच्याला ही माती लागते. ग्राउंडकव्हरला लागत नाही. मुरमाड, हलकी जमीन त्याला आवडते. जास्त सुपीक मातीत ऑफिस टाइमची पानं माजतात आणि फुलं कमी येतात.

तुम्हाला एवढंच करायचं आहे. जमीन सहा इंच खोल कुदळून घ्या, मोठे दगड काढा आणि एक इंच थर बसेल एवढं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. एक इंचाला ४२ घनफूट लागतं, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा कमी. दीड ते अडीच हजारांत येतं. शेणखत हातात घेऊन बघा: काळपट, भुसभुशीत, मातीसारख्या वासाचं हवं. शेणाचा वास येत असेल, आतून गरम लागत असेल तर परत पाठवा. कच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी दोन्ही येतं.

नवं घर बांधलं असेल तर अंगणात बहुधा वाळू-सिमेंटचा राडारोडा दाबलेला असतो. तो आधी उचला. त्यातल्या सिमेंट-चुन्याने पानं पिवळी पडतात आणि कोणतंही खत उपयोगी पडत नाही. या एका कारणासाठी मात्र बाहेरची माती घ्यावी लागू शकते. घेणार असाल तर गाडी रिकामी करण्याआधी टेप काढा. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि माती भरली आहे तेवढी उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि शंभराने भागा. ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दोन फूट भरलेली ट्रॉली म्हणजे ९९ घनफूट, एक ब्रास. हीच ट्रॉली दीड फूट भरली असेल तर ७४ घनफूट. पाऊण ब्रास माती आली आणि पैसे पूर्ण ब्रासचे गेले. वरून ढीग दिसतो म्हणून फसू नका, कडेला माती कुठवर आली आहे ते बघा. मुरूम मागवलात तर गाडीवाल्याकडे रॉयल्टीची वाहतूक पावती मागा. मुरूम हे गौण खनिज आहे आणि विनापावती गाडी तुमच्या दारात पकडली गेली तर मनस्ताप तुम्हालाही होतो.

काळी माती असेल तर एक तपासणी करा. एक फूट खोल खड्डा खणून संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर तिथे ऑफिस टाइम लावू नका. बाकी काहीही लावायचं तरी आधी जागेला मध्यापासून कडेकडे उतार द्या. उतार देणं हे मजुराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. 'ड्रेनेज लेयर' म्हणून खडी, कापड आणि पाइपची यादी कोणी पुढे केली तर ५०० चौरस फुटांच्या अंगणाला बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

लव्हाळा: कोणीच न सांगितलेला खर्च

माझ्या मते या सगळ्या कामाचं यश-अपयश इथे ठरतं. ग्राउंडकव्हर पाण्यावाचून मरतं त्याहून जास्त वेळा तणाखाली गुदमरून मरतं. गाजरगवत निदान उपटता येतं. लव्हाळा उपटला की वरची पात हातात येते आणि खाली मातीत गाठ राहते. त्या गाठीतून दहा-पंधरा दिवसांत पुन्हा कोंब. एकदा का ग्राउंडकव्हर वरून पसरलं, की त्या जाळीतून लव्हाळा काढणं अशक्य होतं. शेवटी सगळं उपटून नव्याने लावावं लागतं.

म्हणून बाहेरची माती घेणार असाल तर ट्रॉली बोलावण्याआधी त्याच ढिगातली दोन पाट्या माती आणा. रुंद घमेल्यात पसरा, पाणी द्या, उन्हात ठेवा. पंधरा दिवसांत काय उगवतं ते पाहा. तिधारी देठाची, चकचकीत हिरवी पात आली तर ती माती नको. फुकट दिली तरी नको.

स्वतःच्या जमिनीसाठी एप्रिल-मेचं ऊन वापरा. जमीन कुदळून, ढेकळं फोडून, पाणी देऊन ओली करा. वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक पसरा, कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं नको, पारदर्शकच हवं, कारण ऊन आतल्या मातीपर्यंत पोचायला पाहिजे. आतली माती इतकी तापते की वरच्या थरातलं तणाचं बरंचसं बी मरतं. खर्च हजार-दीड हजार. लव्हाळ्याच्या खोल गाठी यानेही मरत नाहीत. त्यांच्यासाठी कुदळणीच्या वेळी एक माणूस फक्त गाठी वेचायला ठेवा. सहाशे-सातशे रुपये रोज जाईल, पण पुढचे कितीतरी रोज वाचतील.

माळी 'एक फवारा मारतो, सगळं साफ होईल' म्हणाला तर औषधाचं नाव विचारा. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत. बाटली दाखवत नसेल तर फवारा नको. लहान मुलं, कुत्री-मांजरं आणि शेजाऱ्याची विहीर यांच्या इतक्या जवळ तर नकोच.

रोपं किती, कुठून, कशी बघून

इथे साधं गणित येतं. एक फूट अंतरावर लावलंत तर ५०० रोपं. नऊ इंचांवर ८९० च्या आसपास. सहा इंचांवर २,०००. छोट्या पिशवीतलं रोप १२ रुपयांना धरा: ६,००० रुपये, १०,७०० रुपये, २४,००० रुपये. जागा तीच, झाड तेच. सहा इंचांवर लावलेलं पाच-सहा आठवड्यांत भरतं, एक फुटावरचं पावसाळ्यात तीन महिन्यांत. दोन महिने थांबायचे १८ हजार वाचतात. ठेकेदार दाट लागवड सुचवतो कारण फोटो लवकर चांगला येतो आणि रोपांमागे त्याला कमिशन असतं.

याहून स्वस्त वाट आहे. मार्चमध्ये फक्त ५० रोपं घ्या, सहाशे रुपये. अंगणभर नाही, सहा फूट बाय सहा फुटांच्या एकाच वाफ्यात, रोज पाणी देता येईल अशा नळाजवळ लावा आणि वाढू द्या. जूनपर्यंत प्रत्येक झाड आठ-दहा फांद्या देतं. सेसुव्हियम आणि जलपिंपळी दोघींना हे लागू. तीन-चार इंचांची फांदी पेराखाली तोडा, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी खोचा आणि भोवतीची माती अंगठ्याने दाबा. मांसल पानांच्या फांद्या तोडल्यावर तीन-चार तास सावलीत पडू द्या; जखम सुकली की कुजत नाहीत. पंधरा दिवसांनी फांदी हलकेच वर ओढून पाहा. सुटून आली नाही तर मूळ धरलं.

विकत घेणार असाल तर शहरातल्या सजवलेल्या दुकानात जाऊ नका. पुण्याकडच्यांनी सोलापूर रस्त्याला सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या बाजूला जावं. तिथे नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत आणि शंभराच्या वर रोपं घेतली की भाव उतरतो. इतर जिल्ह्यांत कृषी विद्यापीठाच्या आणि कृषी महाविद्यालयाच्या रोपवाटिका बघा. भाव ठरवताना 'पिशवीचा की रोपाचा' ते विचारा. एका पिशवीत तीन फांद्या असतील तर लावताना त्या वेगळ्या होतात, संख्या तिप्पट होते. टेम्पोचं भाडं, भरणं-उतरवणं कोणाकडे, हेही तिथेच बोलून घ्या. रोपं सहा हजारांची आणि टेम्पो अडीच हजारांचा, असं व्हायला नको.

रोप निवडताना फुलाकडे बघू नका. पिशवी उचला आणि बुडाशी बघा: भोकातून पांढरं मूळ डोकावत असेल तर रोप तयार आहे. माती सैल, डगमगणारी असेल तर ती काल खोचलेली फांदी आहे, तिचे पैसे रोपाचे देऊ नका. पिशवीत लव्हाळ्याची पात असेल तर ती पिशवी घेऊ नका. आणि हिरव्या शेडनेटखालून रोपं देत असतील तर उघड्यावरची मागा. सावलीत वाढलेलं लुसलुशीत रोप तुमच्या उन्हात तिसऱ्या दिवशी करपतं. उघड्यावरची नसतीलच तर घरी आणून आठवडाभर आधी सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन, अशी सवय करून मग लावा.

लावायचं संध्याकाळी. पिशवी कापून काढायची, आणि सगळ्या पिशव्या मोजून परत गोळा करायच्या. मजूर घाईत पिशवीसकट गाडतात. मूळ आतच गुंडाळतं आणि झाड वर्षभर तेवढंच राहतं.

पाणी: खरी बचत किती

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचे ५०० चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर. मेक्सिकन किंवा सिलेक्शन वन हिरवळीला उन्हाळ्यात रोज मीटरला पाच लिटर धरा: रोज २३० लिटर, महिन्याला सात हजार, फेब्रुवारी ते मे चार महिन्यांत जवळजवळ २८ हजार लिटर. दहा हजार लिटरचे तीन टँकर. स्थिरावलेल्या ग्राउंडकव्हरला आठवड्यातून एकदा मीटरला दहा लिटर पुरतात: आठवड्याला ४६० लिटर, चार महिन्यांत आठ हजारांच्या आत. एक टँकरही पूर्ण लागत नाही. टँकर दीड हजाराचा धरला तर दर उन्हाळ्याला सुमारे तीन हजारांची बचत.

पण 'स्थिरावलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. पहिले चार आठवडे पाऊस नसेल त्या दिवसांत एक दिवसाआड पाणी द्यावंच लागतं, मीटरला तीन लिटर. मग आठवड्यातून दोनदा. तीन महिन्यांनंतर आठवड्याला एकदा. 'याला पाणीच लागत नाही' म्हणून जुलैत लावून ऑगस्टच्या उघडिपीत विसरलात तर निम्मी रोपं जातील. आणि नंतर द्याल तेव्हा थोडं-थोडं रोज देऊ नका. एकदम, सावकाश, खोल जाईल असं द्या. वरवर पाणी मिळालं की मुळं वरच राहतात आणि मेमध्ये भाजतात.

ठिबक हवंच असं नाही. लांब नळी आणि शॉवरचं तोंड, हजार रुपयांत काम होतं. ठिबक करायचंच तर दीड फुटाला एक ओळ धरून साधारण १०० मीटर इनलाइन नळी लागेल. मीटरला १० ते १५ रुपये. वर फिल्टर, कॉक, जोडण्या मिळून हजार-दीड हजार. फिल्टर वगळून कोणी दर कमी करून देत असेल तर घेऊ नका, बोअरच्या पाण्याने छिद्रं एका उन्हाळ्यात बुजतात. टायमर आणि पॉप-अप स्प्रिंकलर हिरवळीसाठी असतात. इथे तो खर्च वाया जातो.

टँकर घेताना लिटरवर विश्वास ठेवू नका, तुमच्या टाकीत पाणी किती चढलं ते मोजा. १० बाय ५ फुटांच्या टाकीत एक फूट पाणी चढलं म्हणजे १,४०० लिटर आले.

ठेकेदाराला द्यायचंच असेल तर

वेळ नसेल, वय झालं असेल, तर जरूर द्या. फक्त कागद पक्का करा. कोटेशन कामवार मागा: कुदळणी, राडारोडा उचलणं, खत, माती, रोपं, लागवड, पाणी, देखभाल, प्रत्येकाची वेगळी ओळ. 'सगळं मिळून चौरस फुटाला साठ' हे वाक्य स्वीकारू नका. त्या 'सगळं'मध्ये वाहतूक, हमाली आणि नांग्या भरणं बहुतेक वेळा नसतं, आणि ते नंतर पुढे येतं. क्षेत्र निव्वळ लागवडीचं लावा. पायवाट, पार्किंग, तुळशीवृंदावन धरून ५०० होत असेल आणि लागवड ४१० वर असेल तर बिल ४१० चंच.

कोटेशनवर पाच गोष्टी लिहून घ्या. झाडाचं नाव. अंतर किती इंच. एकूण रोपं किती. साठ दिवसांत मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या कोणाच्या खर्चाने. पाणी कोण देणार. पैसे तीन टप्प्यांत द्या: तीस टक्के सुरुवातीला, तीस लागवडीच्या दिवशी रोपं मोजून झाल्यावर आणि चाळीस टक्के साठ दिवसांनी. शेवटच्या चाळीस टक्क्यांवर घासाघीस करतील. त्यात नमू नका, तीच तुमची खरी हमी आहे. रोख देत असाल तर पावती घ्या. शक्य तिथे यूपीआय किंवा चेक.

करही बघा. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. लँडस्केपिंगच्या सेवेवर १८ टक्के आहे. सगळं एकाच ठेक्यात दिलंत तर रोपांच्या किमतीवरही कर लागून येतो. रोपं स्वतः नर्सरीतून घ्या आणि फक्त मजुरीचा ठेका द्या, तेवढा कर वाचेल. बिलात जीएसटी लावला असेल तर १५ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. क्रमांक नसेल तर कर देऊ नका.

सोसायटीच्या सामाईक जागेत लावायचं असेल तर आधी समितीचा ठराव, मग किमान तीन कोटेशनं. पाण्याचं बिल कोणत्या खात्यातून जाणार तेही ठरावात घ्या, भांडणं तिथूनच सुरू होतात.

काम बिघडलं आणि ठेकेदार फोन उचलत नाही? आधी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर तारखेसह फोटो टाकून. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, त्याला पैसे पडत नाहीत. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. लागणारे कागद: कोटेशन, बिल, पैसे दिल्याचा पुरावा, लागवडीच्या दिवसाचे आणि नंतरचे फोटो, तुम्ही पाठवलेले निरोप. म्हणून लागवडीच्या दिवशी एक फोटो टेप जमिनीवर ठेवून काढा, दोन रोपांमधलं अंतर दिसेल असा.

नंतरचा खर्च

पहिले दहा आठवडे दर पंधरवड्याला खुरपणी. ही चुकवू नका. एका माणसाचा अर्धा दिवस पुरतो. उघड्या फटींत वाळलेला पाला किंवा गवताचं आच्छादन टाका, तण निम्म्यावर येतं. देठांच्या बुडाशी मात्र पाला चिकटू देऊ नका, कुजतात. दुसऱ्या वर्षापासून मेअखेर एक छाटणी, ऑक्टोबरात कडा कापणं आणि टक्कल पडलं असेल तिथे कापलेल्याच फांद्या खोचणं, एवढंच काम. माळ्याचे दोन रोज, १,२०० ते १,५०० रुपये वर्षाला. त्याच्या जोडीला जूनमध्ये दोन-तीन पाट्या कंपोस्ट. रासायनिक खत, 'टॉनिक', महिन्याची फवारणी, महिन्याला पंधराशेचा देखभाल करार, यातलं काहीही या झाडांना लागत नाही. करारासाठी कोणी मागे लागलं तर छाटणीचे ते दोन दिवस तेवढे ठरवून घ्या आणि बाकीच्याला स्पष्ट नाही म्हणा.